अव्वल बुद्धिबळपटूंच्या घोडचुका : घड्याळ, नजर आणि धारदार पट

बुद्धिबळात चूक वेगळी आणि घोडचूक वेगळी. चुकीने स्थिती थोडी बिघडते आणि पुढच्या दहा-बारा चालींत ती सावरताही येते. घोडचूक एकाच चालीत डावाचा निकाल फिरवते. नवख्या खेळाडूच्या बाबतीत तिचे कारण शोधावे लागत नाही. तसे काही त्याने पूर्वी पाहिलेलेच नसते. जगज्जेतेपदाच्या लढतीत बसलेला खेळाडू मात्र जे हुकवतो ते त्याला लहानपणापासून पाठ असते : दोन चालींतली मात, घोड्याच्या माऱ्यात आलेला वजीर, एका चालीत दोन मोहऱ्यांवर पडणारा मार. ते त्याला नेमके त्याच क्षणी का दिसत नाही, याचा शोध खेळाडू, प्रशिक्षक, मानसशास्त्रज्ञ आणि अलीकडे संगणकशास्त्रज्ञ घेत आले आहेत.

हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो धारदार स्थितीत. दोन्ही राजे उघड्यावर आलेले, एखाद्या मोहऱ्याचा बळी दिलेला, आणि दर चालीला शह व मारामारीचे तीन-चार पर्याय समोर, असा हा पट. शांत स्थितीत साताठ चाली चालण्यासारख्या असतात आणि त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या चालीने फारसे बिघडत नाही. धारदार स्थितीत बहुधा एकच चाल तारते, बाकीच्या बुडवतात. म्हणजे तीच क्षमता, तीच एकाग्रता घेऊन बसलेला खेळाडू एका पटावर निर्दोष वाटतो आणि दुसऱ्यावर डाव घालवतो.

या चुकांच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला डाव १८९२ मध्ये क्यूबातल्या हवाना शहरात झाला. विल्हेल्म स्टाइनिट्झ आणि रशियाचा मिखाईल चिगोरिन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत जो आधी दहा डाव जिंकेल तो विजेता, असा नियम होता. तेविसाव्या डावाआधी स्टाइनिट्झचे नऊ विजय होते, चिगोरिनचे आठ. चिगोरिनने किंग्ज गॅम्बिट खेळून एक मोहरे जास्तीचे मिळवले. जिंकला असता तर नऊ-नऊ अशी बरोबरी होती. त्याचा डी६ वरचा उंट एच२ या घराचे रक्षण करत होता, आणि स्टाइनिट्झचे दोन्ही हत्ती चिगोरिनच्या दुसऱ्या रांगेत घुसलेले होते. बत्तिसाव्या चालीला चिगोरिनने तोच उंट उचलून बी४ वर नेला. स्टाइनिट्झने एच२ वरचे प्यादे हत्तीने मारून शह दिला. पुढच्या चालीला मात अटळ होती. डाव संपला आणि त्याबरोबर लढतही.

चिगोरिनच्या काळापर्यंत घड्याळ खेळात रुळले होते, पण ते आधीपासून नव्हते. लंडनला १८५१ मध्ये झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विचाराला वेळेची मर्यादाच नव्हती. एलायजा विल्यम्सच्या संथ खेळाने हॉवर्ड स्टाँटन वैतागला आणि त्याची तक्रार पुढे पुष्कळ काळ चर्चेत राहिली. विल्यम्सने त्याला हरवले होते, हेही त्या वैतागामागे असावे. दहा वर्षांनी अँडरसन आणि कोलिश या खेळाडूंच्या लढतीत वाळूची घड्याळे वापरली गेली. लंडनच्याच १८८३ च्या स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सनने तयार केलेली जोड घड्याळे आली. एका दांडीवर दोन घड्याळे बसवलेली. एक खाली कलले की ते थांबे आणि दुसरे चालू होई. मर्यादा होती ताशी पंधरा चालींची. काट्याबरोबर वर उचलला जाऊन नेमक्या वेळी खाली पडणारा छोटा झेंडा त्यानंतर आला, आणि वेळ संपली की नाही हा वाद मिटला.

घड्याळाने खेळ शिस्तीत आणला, पण घोडचुकीला एक ठरलेली जागाही दिली. विसाव्या शतकाचा बराच काळ अडीच तासांत चाळीस चाली हे प्रमाण होते. ही मर्यादा एकेका चालीला लागू नव्हती, चाळीस चालींना मिळून होती. साहजिकच अवघड मध्यावर वेळ खर्च होई आणि शेवटच्या दहा चालींना मिनिटे उरत. तिसाव्या ते चाळिसाव्या चालीच्या दरम्यानचा टप्पा त्यामुळे धोक्याचा ठरला, आणि बहुतेक धारदार डाव याच टप्प्यावर पेटतात. अमेरिकेचा सॅम्युएल रेशेव्हस्की ओपनिंगची पूर्वतयारी फारशी करत नसे. सुरुवातीच्या चालींनाच तो वेळ खर्ची घाली आणि मग दहा-बारा चाली काही मिनिटांत उरकी. तो त्यातूनही बरेचदा निभावून नेई. जर्मनीच्या फ्रीड्रिख झेमिशला ते जमले नाही. १९६९ मध्ये लिंकोपिंगच्या स्पर्धेत, सत्तरी ओलांडलेली असताना, त्याने तेरापैकी तेरा डाव वेळ संपल्यामुळे गमावले.

तरीही सगळा दोष घड्याळावर टाकता येत नाही. १९५६ मध्ये अॅमस्टरडॅमला झालेल्या, जगज्जेत्याचा प्रतिस्पर्धी ठरवणाऱ्या आव्हानवीर स्पर्धेत तिग्रान पेत्रोसियानने डेव्हिड ब्रॉन्स्टाइनला पुरते जखडले होते. करण्यासारखे काही नसल्याने ब्रॉन्स्टाइन आपला घोडा इकडून तिकडे नाचवत होता, आणि वेळेची चणचण त्यालाच होती, पेत्रोसियानला नाही. त्या नाचातल्या एका उडीने घोडा पेत्रोसियानच्या वजिरावर आला. पेत्रोसियानने आपली ठरलेली चाल केली, वजीर तसाच राहिला, ब्रॉन्स्टाइनने तो मारला. पेत्रोसियानने डाव सोडला. पुढे बचावाचा सर्वांत सावध खेळाडू म्हणून ज्याचे नाव झाले आणि जो १९६३ मध्ये जगज्जेता झाला, त्याच्या हातून हे घडले.

निकोलाय क्रोगियस हा सोव्हिएत ग्रँडमास्टर व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ होता. त्याने अशा चुकांचे वर्गीकरण केले, आणि ते अजूनही उपयोगी पडते. खेळाडू विचार करतो तो पटावरच्या मोहऱ्यांपेक्षा डोक्यातल्या चित्रावर. हे चित्र तीन तऱ्हांनी फसवते. एकीत जुने चित्र चिकटून राहते : मोहरे हलले तरी मन ते आधीच्याच घरावर धरून चालते. दुसरीत चित्र सुस्त होते : आपण जिंकलोच आहोत, असे एकदा ठरले की समोरच्याच्या चालींकडे लक्ष राहत नाही. पेत्रोसियानचा डाव याचाच नमुना. तिसरीत चित्र वेळेआधी पुढे धावते : चार चालींनंतर येणारा धोका आत्ताच पटावर असल्यासारखा वाटतो आणि खेळाडू नसलेल्या भुताशी लढत बसतो. धारदार स्थितीत चार-पाच चालींच्या पलीकडची अनेक चित्रे एकदम डोक्यात ठेवावी लागतात. तिथे या तिन्ही तऱ्हा एकमेकींत मिसळतात.

अलेक्झांडर कोटोव्हने याच अडचणीचे वर्णन खेळाडूच्या बाजूने केले. ‘थिंक लाइक अ ग्रँडमास्टर’ या त्याच्या पुस्तकातला एक प्रसंग प्रत्येक स्पर्धा खेळणाऱ्याला ओळखीचा वाटतो. खेळाडू दोन चालींचा विचार करतो, एकीकडून दुसरीकडे जातो, परत येतो. वीस-पंचवीस मिनिटे जातात, दोन्हींत काहीतरी खुपत राहते. मग घड्याळाकडे पाहून दचकतो आणि ज्या तिसऱ्या चालीचा मिनिटभरही विचार केलेला नाही, ती खेळून मोकळा होतो. कोटोव्हचा उपाय होता विश्लेषणाच्या वृक्षाची प्रत्येक फांदी एकदाच आणि शेवटपर्यंत तपासायची. हा उपाय कागदावर नेटका आहे. प्रत्यक्षात कोटोव्हसह फारच थोडे ग्रँडमास्टर तसा विचार करत असतील.

अधिक साधा उपाय बेंजामिन ब्ल्युमेनफेल्ड या सोव्हिएत मास्टरचा होता. चाल ठरली की आधी ती कागदावर लिहायची, मग नवशिक्याच्या नजरेने पट पाहायचा : एका चालीत मात बसते का? वजीर किंवा हत्ती फुकट जातो का? काही नसेल तरच मोहऱ्याला हात लावायचा. हवाना आणि अॅमस्टरडॅम, दोन्हीकडे ही सवय कामी आली असती. कित्येक पिढ्यांना ती शिकवली गेली. पण २००५ पासून फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांनी चाल खेळण्याआधी लिहिण्यास मनाई केली, कारण तशी नोंद म्हणजे स्वतःसाठी केलेले टिपण ठरते. घोडचुकीवरचा सर्वांत स्वस्त उपाय अशा रीतीने बेकायदा झाला.

मानसशास्त्राने या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला. डच मानसशास्त्रज्ञ आणि बुद्धिबळपटू आड्रियान डी ग्रूट याने १९३८ च्या आव्हरो स्पर्धेसाठी जमलेल्या दिग्गजांना स्थिती दाखवून मोठ्याने विचार करायला लावले. त्यांत अलेखाइन, केरेस, ऑयवे होते. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधातला निष्कर्ष त्या काळी अनपेक्षित होता. ग्रँडमास्टर सामान्य खेळाडूपेक्षा फार खोल पाहत नाहीत. योग्य चाल त्यांच्या नजरेत लवकर भरते, इतकेच. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये त्याची दुसरी बाजू दाखवली. खऱ्या डावातली स्थिती मास्टर क्षणभर पाहून मांडू शकतो, पण मोहरे कसेही विखरून ठेवले तर त्याची ही सरशी जवळजवळ संपते. मास्टरचे सामर्थ्य ओळखीच्या रचनांमध्ये असते. धारदार स्थितीत ओळखीच्या रचना मोडतात, मोहरे विचित्र घरांवर जातात आणि हेच सामर्थ्य उलटते.

२००८ मध्ये मेरिम बिलालिच, पीटर मॅकलाउड आणि फर्नांड गोबे यांनी हे उलटणे प्रयोगात पकडले. कसलेल्या खेळाडूंपुढे त्यांनी अशी स्थिती ठेवली की जिच्यात एक ओळखीची, घोड्याने कोंडून केलेली मात होती आणि तिच्याहून कमी चालींची, कमी परिचित अशी दुसरी मातही होती. ओळखीची मात सापडताच दुसरी दिसेनाशी झाली. आपण आणखी चांगली चाल शोधत आहोत असे खेळाडू प्रामाणिकपणे सांगत होते. डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदी मात्र दाखवत होत्या की नजर पहिल्या कल्पनेच्या घरांवरच घुटमळत होती.

जुन्या डावांकडे या प्रयोगानंतर पाहिले की त्यांतली संगती लागते. १९३७ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या सोळाव्या डावात अलेखाइनने वजीर अशा घरावर ठेवला की माक्स ऑयवेला एच८ वर स्वतःच्या वजिराचा बळी देऊन घोड्याच्या दुहेरी माराने तो परत मिळवता आला असता. ऑयवेला ते दिसले नाही. पुढच्या चालीला अलेखाइनने धोका तसाच ठेवला, ऑयवेने पुन्हा हुकवला. शत्रूच्या राजाशेजारी फुकट ठेवलेला वजीर ही कल्पना शिकलेले मन आधीच गाळून टाकते. १९९३ मध्ये वाइक आन झी येथे लॅरी ख्रिश्चनसनविरुद्ध अनातोली कार्पोव्ह बाराव्या चालीलाच हरला. ख्रिश्चनसनचा वजीर सी२ वरून मागे डी१ वर, स्वतःच्या मूळ घरी गेला आणि कार्पोव्हच्या उंटावर व घोड्यावर एकदम मार बसला. मागे जाणारी चाल ही पुढे जाणाऱ्या चालीपेक्षा उशिरा दिसते, हे प्रशिक्षकांचे जुने निरीक्षण आहे.

धारदारपणा ही जर प्रतिस्पर्ध्याच्या चुकांची जमीन असेल, तर ती मुद्दाम नांगरता येते. मिखाईल तालने नेमके तेच केले. १९६० मध्ये मॉस्कोतल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत मिखाईल बोट्विनिकविरुद्धच्या सहाव्या डावात त्याने एकविसाव्या चालीला घोडा एफ४ वर सोडून दिला. प्रेक्षागृहात इतका गोंगाट झाला की डाव मागच्या खोलीत हलवावा लागला. तो बळी पूर्णपणे शुद्ध नव्हता, हे नंतरच्या विश्लेषणात दिसले. घड्याळ चालू असताना बोट्विनिकला मात्र उत्तर सापडले नाही. ताल तेविसाव्या वर्षी १२.५–८.५ असा जिंकला. त्याचे अनेक बळी घरी बसून खोडता येत, पटावर येत नसत, आणि त्याचा हिशेब नेमका हाच होता. बोट्विनिकने पुढच्या वर्षीच्या परतीच्या लढतीत डाव शांत स्थितींकडे आणि एंडगेमकडे वळवले आणि १३–८ असे पद परत घेतले. २००० मध्ये लंडनला व्लादिमीर क्रामनिकने गॅरी कास्पारोव्हविरुद्ध बर्लिन बचाव वापरून सुरुवातीलाच वजीर पटाबाहेर घालवले, तेव्हा तोच धडा पुन्हा गिरवला गेला. कास्पारोव्हला त्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही.

संगणक आल्यावर घोडचुकांचे मोजमाप शक्य झाले. ल्युब्लियानाच्या मातेय गिड आणि इव्हान ब्रात्को यांनी २००६ मध्ये क्राफ्टी या प्रोग्रॅमने जगज्जेत्यांच्या लढती तपासल्या. सरासरी चूक सर्वांत कमी निघाली ती होझे राउल कापाब्लांकाची. त्याचे डाव इतरांच्या तुलनेत कमी गुंतागुंतीचे होते, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे. तेव्हा अचूकतेच्या अशा याद्या वाचताना कोण किती चुकला याबरोबर तो कशा पटावर खेळला, हे पाहावेच लागते. अॅश्टन अँडरसन, जॉन क्लाइनबर्ग आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी २०१६ मध्ये याच मुद्द्याला मोठ्या माहितीचा आधार दिला. पटावर सहा किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या की अचूक उत्तर संगणकाला पक्के ठाऊक असते. अशा स्थितींमधल्या चुका त्यांनी तपासल्या. घोडचूक होईल की नाही याचा सर्वांत चांगला अंदाज खेळाडूच्या रेटिंगवरून किंवा उरलेल्या वेळेवरून न येता स्थितीच्या अवघडपणावरून आला.

त्याच संगणकाने पटावरची धारही वाढवली. खेळाडू घरून पंधरा-वीस चाली इंजिनाकडून तपासून येतो आणि प्रतिस्पर्ध्याला अनोळखी रणात सोडतो. एकाचे घड्याळ जवळपास चालतच नाही, दुसऱ्याचे पहिल्या तासातच अर्धे होते. शिवाय तयारी आयती उचलली की तीच फसवते. १९८८ मध्ये बील येथे तरुण विश्वनाथन आनंदने पेत्रोव्ह बचावात एका छापील डावातली पाचवी चाल विश्वासाने खेळली. अलोन्सो झापाताने वजीर ई२ वर आणला, मोहरे गेले आणि सहाव्या चालीला डाव संपला. मूळ डावातल्या दोघांनीही ती चाल तशीच जाऊ दिली होती.

२००६ हे वर्ष या इतिहासात दोनदा येते. एलिस्टा येथे जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकविरुद्धच्या दुसऱ्या डावात वेसेलिन तोपालोव्हने राजावर जबरदस्त हल्ला चढवला. बत्तिसाव्या चालीला हत्तीचा शह देऊन मात साधता आली असती. त्याने वजिराचा शह दिला. पुढे तो डाव हरला आणि लढतही. दोनच महिन्यांनी बॉनला डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमविरुद्ध क्रामनिकने वेळेची कसलीही तंगी नसताना स्वतःवरची एका चालीतली मात हुकवली. पांढरा घोडा एफ८ वर, काळ्या राजाजवळच्या आडवळणी घरावर होता आणि त्याच्या आधाराने वजिराने एच७ वर मात केली. वजीर-घोड्याची मात असंख्य वेळा पाहिलेल्या खेळाडूने घोडा त्या घरावर असताना ती क्वचितच पाहिलेली असते.

समोरच्यावरचा विश्वास हे आणखी एक कारण. २०१४ मध्ये सोची येथे जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या सहाव्या डावात मॅग्नस कार्लसनने सव्विसाव्या चालीला राजा डी२ वर नेला. आनंदला घोड्याने ई५ वरचे प्यादे मारून जिंकण्याजोगी स्थिती मिळत होती. त्याने आधीपासून मनात असलेली ‘ए’ पट्टीतल्या प्याद्याची चाल केली. कार्लसनला आपली चूक चाल करताच कळली होती, आनंदला ती संधी गेल्यावर. जगज्जेता असे काही फुकट देईल, ही शक्यताच त्याने धरली नव्हती. वजीर पटावर नसलेली ती तशी शांत स्थिती होती; तेवढ्याने दक्षता सैल झाली असणार.

थकव्याचा परिणाम २०२१ मध्ये दुबईत झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीइतका उघड क्वचितच दिसला. सहावा डाव १३६ चालींचा, पावणेआठ तासांचा, जगज्जेतेपदाच्या इतिहासातला सर्वांत लांब. इयान नेपोम्नियाची तो हरला आणि त्यानंतर कोसळला. आठव्या डावात प्यादे गेले, नवव्यात सत्ताविसाव्या चालीला सी५ खेळून त्याने आपलाच उंट बी७ वर कोंडून घेतला, अकराव्यात पुन्हा एका चालीत डाव दिला. २०२३ मध्ये अस्तानातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने सातव्या डावात चांगल्या स्थितीत घड्याळ वाहू दिले. चाळिसावी चाल दूर असताना त्याच्याकडे मिनिटही उरले नाही. २०२४ मध्ये टोरांटोच्या आव्हानवीर स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत फाबियानो कारुआनाने नेपोम्नियाचीविरुद्धचा जिंकलेला डाव पुन्हा पुन्हा हातचा घालवला. १०९ चालींनंतर बरोबरी झाली आणि स्पर्धा गुकेशने जिंकली. त्याच वर्षी सिंगापूरला गुकेशविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंगने निर्णायक चौदाव्या डावात पंचावन्नाव्या चालीला हत्ती एफ२ वर ठेवून हत्तींची अदलाबदल देऊ केली. त्याचा कोपऱ्यातला उंटही त्याबरोबर जातो आणि प्याद्यांचा एंडगेम हरतो, हे त्याला दिसले नाही. गुकेशच्याही ते लगेच ध्यानात आले नव्हते. अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला.

वेळेचे नियमही या काळात बदलत राहिले. अर्धवट राहिलेला डाव बंद पाकिटात चाल ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे नेण्याची प्रथा नव्वदच्या दशकात संगणकांमुळे संपली. त्याआधी रात्रीची झोप आणि सहाय्यकांचे विश्लेषण थकलेल्या खेळाडूला मिळत असे, आता सगळा डाव एका बैठकीत संपतो. बॉबी फिशरने १९८८ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या आणि १९९२ मध्ये स्पास्कीविरुद्ध वापरलेल्या घड्याळात प्रत्येक चालीला काही सेकंद वाढतात. त्यामुळे हात थरथरत सोंगट्या फेकण्याची वेळ टळली, तरी विचाराची चणचण उरली. जलद डावात ती सर्वाधिक जाणवते. २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटल्यावर नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला दुसऱ्या जलद डावात हरवले, तेव्हा हम्पीच्या चुका वेळेच्या ओढाताणीतच झाल्या. दीर्घ डावांमध्ये मात्र या वाढीव सेकंदांबाबत एकवाक्यता नाही. विश्वचषकात पहिल्या चालीपासून तीस सेकंद वाढतात. टोरांटो आणि सिंगापूरमध्ये पहिल्या चाळीस चालींना दोन तास होते आणि वाढीव सेकंद एकेचाळिसाव्या चालीपासून मिळत होते.